ग्रेसचे चार मार्क

मी बी.कॉम. झालो तो अकौंटन्सीतल्या ग्रेसच्या चार मार्कांवर. तेव्हा मार्कांच्या बाबतीत कडक बोलायचा अधिकार मला मुळीच नाही. म्हणून घरातल्या घरात बोलतो.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मेटलंड जोन्स नावाचे ८४ वर्षांचे प्राध्यापक ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवीत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांची गाळण उडते ती याच विषयात. २०२२ साली सुमारे ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी अर्ज केला : विषय फार अवघड करून ठेवलाय, आमच्या कष्टांच्या मानाने मार्क फार कमी. ‘यांना काढा’ असं अर्जात नव्हतं. युनिव्हर्सिटीने मात्र त्यांना काढलं. प्राध्यापकांचं म्हणणं, मुलं प्रश्नच नीट वाचत नाहीत.

हे ऐकून आमची ही कळवळली. ‘‘अहो, रात्र रात्र जागली असतील पोरं!’’

‘‘असतील. पण मार्क जागरणाचे, की उत्तराचे? कॅश चारशेने कमी आली, तर मॅनेजर माझा घाम मोजत नाही. चारशे खिशातून भरावे लागतात.’’

‘‘आणि तुमचे ते चार मार्क?’’

मी चहा ढवळू लागलो. साखर कधीच विरघळली होती.

खरं सांगू? ते चार मार्क मी कधी जमेला धरलेच नाहीत. ते कर्ज आहे. म्हणून आजही प्रत्येक बंडल दोनदा मोजतो. माझं एक ठीक आहे. कर्ज फेडायला मला उभी नोकरी मिळाली. पण ऑपरेशनच्या टेबलावर मी आडवा असताना डॉक्टर ग्रेसवाला निघाला, तर हप्ते कोण भरणार?