विसाव्याचा दिवस कोणाचा?



सात दिवसांपैकी एक दिवस विसाव्याचा असावा, हे आपणांपैकी बहुतेकांस मान्य आहे. परंतु तो दिवस घरातील कोणाच्या वाट्यास येतो, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. ज्याच्याजवळ दोनतीन एकर जमीन, एक गाय, चार शेळ्या आणि पाचसहा कोंबड्या आहेत, अशा लहान शेतकऱ्याच्या घरास धरून हा प्रश्न आम्ही आज पुढे मांडीत आहोत. अशी घरे थोडी नाहीत. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या देशात एका खातेदाराच्या वहिवाटीस सरासरीने १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहून किंचित कमीच, जमीन होती. एवढ्या शेतावर सालगडी ठेवणे परवडत नाही. जे काय करावयाचे ते घरच्याच माणसांनी.

शेतकऱ्याच्या घरी कामांचे दोन प्रकार असतात. नांगरणी, कोळपणी, बांध घालणे ही कामे एक दिवस पुढे ढकलली तरी बहुधा चालते. परंतु गोठ्यास वार कळत नाही. गाईची धार सकाळ-संध्याकाळ काढलीच पाहिजे. एक वेळ चुकली तर कास तटते व जनावर बेचैन होते. शेण काढणे, गोठा झाडणे, कडबा तोडून गव्हाणीत टाकणे, जनावरांस पाणी दाखविणे, कोंबड्या सकाळी सोडणे व दिवेलागणीस डालणे, सरपण, चूल, भाकरी, भांडी, ह्यांपैकी एकही काम उद्यावर टाकता येत नाही. आता पाहा, पहिल्या प्रकारची कामे बहुधा पुरुषाकडे असतात आणि दुसऱ्या प्रकारची बहुधा बायकोकडे, आईकडे किंवा सुनेकडे. म्हणून विसाव्याचा दिवस उजाडला म्हणजे पुरुषाचे काम आपोआप थांबते. स्त्रीचे थांबत नाही. इतकेच नव्हे, तर ते वाढते. कारण त्या दिवशी पाहुणा येतो, धुणे साठलेले असते, आणि काहीतरी बरे रांधावे अशी सर्वांची अपेक्षा असते.

हे आम्ही दुसऱ्यास दोष लावण्यासाठी लिहीत नाही. एका रविवारी उपासना आटोपून आम्ही दोघा पाहुण्यांसह ओसरीवर बसलो होतो, आणि विश्रांतीचे महत्त्व ह्याच विषयावर आमचे मोठ्या रंगाने बोलणे चालले होते. तेवढ्या वेळात तीनदा चहा आला. चौथ्यांदा हाक मारली तेव्हा आतून उत्तर आले नाही. घरची मंडळी वैरणीचा भारा आणावयास मळ्यात गेली होती. आमचे बोलणे तेथेच थांबले.

आपल्या खेड्यांतून पोळा होतो, तो सर्वांनी पाहिलाच आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकून त्यांस हळद व तूप चोळतात. सणाच्या दिवशी मानेवर जू ठेवीत नाहीत. शिंगे रंगवितात, झूल घालतात व पुरणपोळी खाऊ घालतात. बैलाने वर्षभरात कधी तक्रार केली नाही, तरी त्याचा खांदा दुखत असेल हे मनुष्यास न सांगता कळते. ही समज फार चांगली आहे. परंतु त्या पोळीसाठी पहाटे उठून पुरण कोणी वाटले? तिच्या खांद्याचा सण कोणता?

दहा आज्ञांपैकी विसाव्याच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि वेशीच्या आतील परका ह्या सर्वांचा उल्लेख आहे. बायकोचा वेगळा नाही. म्हणून तिला विसावा नाही असा अर्थ कोणी करीत नाही. घरधन्यास जे सांगितले ते तिलाही सांगितले, असेच आपण समजतो. तसे असेल तर तिच्यावाचून धन्याचा विसावा पुरा होतच नाही.

ह्यावर कित्येक म्हणतील, "मुके जनावर उपाशी ठेवणे बरे नव्हे, ते काम करावेच लागते." खरे आहे. काम टळत नाही; परंतु ते त्याच दोन हातांनी झाले पाहिजे, असे कोठे आहे? दुसरे म्हणतील, "पुरुषाचे काम जड असते." तेही काही अंशी खरे. परंतु ओझ्याचे वजन निराळे आणि दिवसाची लांबी निराळी. लोक आपला वेळ कसा घालवितात ह्याची पाहणी सरकारने २०१९ साली देशभर केली. घरातील बिनवेतन कामे करणाऱ्या स्त्रीची त्यांत दिवसाकाठी सरासरीने २९९ मिनिटे जातात आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषाची ९७, असे तीत आढळले. तिसरे म्हणतील, "तिची काही तक्रार नाही." तक्रार न करणे म्हणजे संमती देणे नव्हे. बैलाविषयी हे ज्यास कळते, त्यास माणसाविषयी कळू नये काय?

कारखान्यातील कामगारास १९४८ च्या कायद्याने आठवड्यास एक सुटी ठरवून दिली. घरच्या गोठ्यात असा कायदा शिरू शकत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी हीच काय ती तपासनीस.

मग करावे काय? शनिवारी संध्याकाळीच कडबा तोडून ठेवावा, वैरणीचा भारा आणून टाकावा, पाणी भरून ठेवावे. भांडी मुलगा व मुलगी दोघांनीही घासावी. रविवारी पिठलेभाकरीवर संतोष मानावा. राहिली धार. येथे एक अडचण आहे, आणि तिच्यातच खरा धडा आहे. गाय नव्या हाताला पान्हा चोरते. जो वर्षभर कासेशी कधी बसला नाही तो एका रविवारी चरवी घेऊन बसला, तर दूध निम्मे येईल आणि लाथ मात्र पुरी मिळेल. मग बायको म्हणेल, "उठा, मीच काढते." ज्यास रविवारी तिला बसवावयाचे आहे, त्याने सोमवारपासूनच गाईस आपल्या हाताची ओळख करून दिली पाहिजे. एका दिवसाच्या उदारपणाने विसावा देता येत नाही. तो सहा दिवसांच्या कामातून सिद्ध करावा लागतो.

आम्हांस हे शिकावयास बरेच दिवस लागले. आता गाय स्थिर उभी राहते. पहिले काही रविवार मात्र घरच्या मंडळीस ओसरीवर रिकामे कसे बसावे हेच समजेना. ती पुन्हा पुन्हा उठून गोठ्याकडे येई.

उपदेशक बंधूंनी ह्या विषयावर बोलण्यापूर्वी आधी आपला गोठा पाहावा. आणि सर्व वाचकांस आमची विनंती एवढीच की, येत्या रविवारी आपल्या घरी कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, हे त्यांनी एकदा डोळे उघडून पाहावे.