त्याला न सांगता दिलेली गोळी



नवऱ्याच्या दारूने गांजलेली एखादी बहीण दबक्या आवाजात विचारते, "दारू सोडवायची गोळी त्याच्या आमटीत मिसळली, तर पाप लागेल का?" तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. तिचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा.

ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरचे औषध म्हणून ती स्वतः घेऊन पाहत होते. दारू घेताच त्यांना त्रास झाला आणि त्यातून हा वेगळाच उपयोग सुचला. दारूपासून शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. एरवी यकृत त्याचा निचरा करते. गोळी तो रोखते. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. कधी जिवावरही बेतते. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याने स्वतःला सांभाळायचे कसे?

शिवाय ही गोळी दारूची ओढ काढून घेत नाही, ती केवळ कुंपण घालते. माणूस रोज जाणतेपणी ती घेतो, तेव्हा 'आज पिणार नाही' हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. त्याच्या संमतीने पत्नीने ती समोर बसून दिली, तर अधिक गुण येतो. पिण्यातली गोडी कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीसाठी मान्यता मिळाली. कुणाला काय द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील. असे औषध घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. चोरून देणे मात्र प्रेमापोटी असले तरी योग्य नव्हे.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभूने आधी त्याची इच्छा विचारली. त्याने धड 'हो'सुद्धा म्हटले नाही. आपल्याला पाण्यात उतरवायला कुणी नाही, एवढेच गाऱ्हाणे मांडले. प्रभूला तेवढे पुरले.

आपल्या घरातला माणूसही कदाचित तेवढेच बोलेल. ते ऐकून त्याला दवाखान्यात नेऊ या. तो नाहीच म्हणाला, तरी त्या बहिणीने एकटीने सोसत राहू नये. मारहाण होत असेल, तर मुलांना घेऊन सुरक्षित जागी जाणे हे पाप नाही. त्या वेळी तिच्यासाठी दार उघडणारे घर आपल्या धर्मग्रामात असेल ना?