हजेरी कोणाची घेता, बाई?

श्मिट्झबाई, कागद बाजूला ठेवा आणि ऐका.

अलाबामातल्या शाळेत तुम्ही नोकरी केलीत, निवृत्त झालात, टोनी गावाहून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलात. इथवर तक्रार नाही. आमच्याकडे तर विधान परिषदेतले सात आमदार शिक्षकच निवडून देतात, तेव्हा मास्तरांनी राजकारणात पडू नये असलं शहाणपण मी तुम्हाला शिकवणार नाही. माझी तक्रार २००३ पासून पुढची आहे.

‘सिटी’ नावाचा उपक्रम होता. बालन्यायालयापर्यंत गेलेली, वाया जाण्याच्या बेतात असलेली पोरं तिथं शिकायची. पैसा सरकारी. आमदार असताना तुम्ही तिथं समन्वयक म्हणून लागलात आणि २००६ पर्यंत पगार-भत्ते मिळून १ लाख ७७ हजार डॉलरच्या वर उचललेत. कामाच्या तासांचे तक्ते भरलेले. तुम्ही कुठे? कार्यालयातल्या लोकांना विचारलं, तर बाई फारशा दिसल्याच नाहीत. शेवटी रोज हंट्सव्हिलच्या कार्यालयात हजर राहा, असं वरून बजावलं गेलं. तरी गेला नाहीत, तेव्हा नोकरी गेली.

पोरगा चार दिवस शाळेत आला नाही, तर बापाला बोलावून आणणारी जमात आपली! पोटात दुखत होतं म्हणाला, तर चिठ्ठी मागतो. ‘मी घरून अभ्यास करत होतो’ म्हणाला, तर छडी शोधतो. आणि तुम्ही कोर्टात काय सांगितलंत? काम बाहेरचं होतं, लोकांत मिसळायचं होतं. असेल. मग चार वर्षांच्या त्या कामाची काही खूण? एखादा अहवाल? ‘सिटी’ ज्यांच्या कारभारात येत होतं ती दोन वर्षांची पदवी देणारी तिथली सरकारी कॉलेजं अशा ओळखीपाळखीच्या नोकऱ्यांनी किती पोखरली होती, हे ‘बर्मिंगहॅम न्यूज’नं उघड केलं, त्यांचे बातमीदार ब्रेट ब्लॅकलेज यांना २००७ चं पुलित्झर त्याच बातम्यांवर मिळालं. त्या कॉलेजांचे कुलपती रॉय जॉन्सन यांनीही पुढे गुन्हा कबूल केला. पण सगळेच खात होते, हे उत्तर मी सातवीतल्या मुलाकडूनही ऐकून घेत नाही. तुम्ही तर बाई आहात.

पहिल्या खटल्यात ज्यूरींचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात, २००९ च्या फेब्रुवारीत, सात आरोपांत दोषी ठरलात. आमदारकी गेली, तीस महिन्यांची कैद सुनावली गेली. २०११ मध्ये अपिलाच्या कोर्टानं चार आरोप रद्द केले, तर लगेच पेढे वाटायला निघू नका. त्या चार कलमांत फसवणूक नेमकी कशी झाली हे आरोपपत्रात धड लिहिलंच नव्हतं, म्हणून ती गळाली. लिहिणाऱ्याचा तो गलथानपणा. तुमची हजेरी त्यानं भरून निघत नाही. टपालाच्या वापरातून फसवणुकीचे तीन आरोप त्याच कोर्टानं कायम ठेवले.

त्या तिन्हींवर अजून काही म्हणायचं असेल तर तोंडी नको, लेखी द्या. तारीख, वार, जागा, आणि त्या दिवशी ‘सिटी’तल्या कोणत्या पोराशी बोललात, तेवढं.