खटका

दिवाळीला रिसोडला घरी गेलो की पहिले दोन दिवस मी लॅपटॉप उघडत नाही. या वेळी तिसऱ्या दिवशीही उघडला नाही, कारण नऊ वर्षांच्या भाच्यानं ठोकळ्यांचा डबा माझ्यापुढे ओतला आणि हुकूम सोडला, "मामा, लाइटीचं बटण बनवू. खरंखुरं. नुसतं दिसाले नाही पाह्यजे."

घरातल्या 230 व्होल्टच्या वाटेला जायचं नाही, हे आधीच ठरलं. लेगोचे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे. त्यातून वीज वाहत नाही, पण शंभरेक अंशांना ते मऊ पडू लागतं. म्हणून दोन पेन्सिल सेल, एक रेझिस्टर, लाल एलईडी आणि संपर्कासाठी अॅल्युमिनियमची फॉइल.

पहिलं बटण तासाभरात झालं आणि अगदी बेकार निघालं. दांडी मध्येच थांबायची. फॉइल धड टेकलेली नाही, धड सुटलेली नाही, दिवा नुसता लुकलुकतोय. खऱ्या बटणात हे होत नाही, कारण तिथं स्प्रिंग असते. आम्ही रबरबँड लावलं: एक टोक दांडीच्या शेंड्याला, दुसरं आसाच्या पलीकडे तळाच्या ठोकळ्याला. दांडी बरोबर मध्यावर आली की रबर सगळ्यात जास्त ताणलेलं असतं, त्यामुळे ती तिथं टिकतच नाही. खट्टकन या किंवा त्या बाजूला पडते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सनं 1884 मध्ये हाच प्रश्न सोडवला होता. संपर्क हळूहळू सुटला की फटीत ठिणगी रेंगाळते आणि धातू जाळते, म्हणून त्यानं झटक्यात तुटणारा स्विच केला. जुनी माणसं बटणाला 'खटका' म्हणतात, ते त्या आवाजावरूनच आलं असावं.

आवाज झकास येत होता. भाचा खटखट करत सुटला. पंधराव्या-विसाव्या वेळी आतली फॉइल दांडीवरून निसटून खालच्या पट्टीवर तशीच चिकटून राहिली. दांडी 'बंद'वर, खटका वाजला, दिवा चालूच.

"मामा, हे बटण लबाड हाये."

मी हसलो, पण ते वाक्य मला लागलं. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, मी असंच एक बटण लिहिलं होतं. अॅपच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन शेअर करा' अशी ओळ आणि तिच्यापुढे स्विच. बंद केला की तो सुंदर सरकत राखाडी व्हायचा. तेवढंच व्हायचं. सर्व्हरकडचं काम 'पुढच्या स्प्रिंटमध्ये' होतं, आणि ते चार महिने पुढच्याच स्प्रिंटमध्ये राहिलं. मी एकदा विषय काढला. कोणाची तक्रार आहे का, असं विचारलं गेलं. नव्हती. कशी असणार?

मग मी स्वतःची समजूत घालायला लागलो. जगात खोटी बटणं काय कमी आहेत? न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडण्यासाठी दाबायची बहुतेक बटणं निकामी असल्याची बातमी 2004 मध्ये आली होती. लोक तरीही ती दाबत होते. पण तिथं सिग्नल यायचा तेव्हा येतोच, दाबणाऱ्याचं जातं फार तर अर्धं मिनिट. माझं बटण बंद करणारा माणूस मात्र ते बंद झालं असं धरून पुढं वागत होता. आता आपल्याला कोणी बघत नाही, म्हणून कुठंतरी जात होता. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. फक्त एक रंग बदलला होता. तरी ते खोटंच होतं, आणि ज्यांना ते सांगितलं गेलं त्यांच्यापैकी कोणालाही आजवर कळवलेलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. लाइन रात्रीची, म्हणून मी बाबांसोबत शेतात गेलो. मोटर गुरगुरत होती, पाणी नाही. बाबांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली, तरी त्यांनी वायरला हात लावला नाही. आधी तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकले.

"बंद तर केली ना?" मी म्हणालो.

"बटणावर कायचा भरोसा? आत चिकटलं असन तं? अन् मी विहिरीवर असतानी कोनं दाबलं तं?"

माझ्या अॅपवाल्यांकडे उपसून खिशात टाकायला किटकॅट नव्हते. फार तर फोनच्या सेटिंगमधून अॅपची लोकेशनची परवानगीच काढून घेता आली असती.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं बटण पुन्हा खोललं. फॉइल या वेळी दांडीलाच गुंडाळून घट्ट बांधायची, ही कल्पना त्याचीच. आता दांडी उठली की संपर्क तुटणारच, मध्ये दुसरं काही नाही. शंभर वेळा मोजून दाबलं. मग आजोबांना बोलावलं. बाबांनी चष्मा लावून दोनदा चालू-बंद केलं, मान डोलावली, शेवटी बंद केलं आणि सवयीनं दोन्ही सेल काढून खिशात टाकले.