झाकली मूठ आणि जड झालेले मन



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. घरचे उणेदुणे चव्हाट्यावर मांडू नये, एवढ्यापुरती ती शहाणपणाची आहे. पण तीच म्हण आपण मनाच्या दुखण्यालाही लावतो. कांद्याचा भाव पडला तर लोणंदच्या बाजारात माणूस चारचौघांत बोलतो. गुडघा धरला तर शेजारी सांगतो. पण रात्रीची झोप गेली आहे, अन्नावरची वासना उडाली आहे, कशातच मन लागत नाही, हे मात्र तो सांगत नाही. फार खोदून विचारले तर 'जरा टेन्शन आहे' म्हणून विषय संपवतो.

आपल्या भाविक घरांत या मुठीला आणखी एक कुलूप असते. 'प्रार्थना कर, सगळे ठीक होईल. समुपदेशकाकडे कशाला जायचे? देवावर भरवसा नाही का?' हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. म्हणूनच त्याचे उत्तर नीट शोधायला हवे.

पहिली गोष्ट, पाप आणि आजार एक नव्हेत. पापाला इच्छेची संमती लागते. जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीने केलेले चुकीचे कृत्य म्हणजे पाप. नैराश्य कोणी मर्जीने निवडत नाही. तरीही कित्येकजण आपली उदासी पापनिवेदनात पाप म्हणून सांगतात. पापनिवेदनात अपराधाची क्षमा मिळते. पण जेथे अपराधच नाही, तेथे क्षमा कशाची मिळणार? माणूस घरी जातो, उदासी तशीच राहते, आणि मग त्याला वाटू लागते की देवाची क्षमासुद्धा आपल्याला लागू पडत नाही. आधीच जड असलेल्या मनावर हा नवा भार पडतो. आत्महत्येविषयी बोलतानाही ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की तीव्र मानसिक विकारामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. मग केवळ उदास असलेल्या माणसाला आपण दोषी कसे ठरवावे?

दुसरा प्रश्न असा की नुसत्या बोलण्याने काय होते? 'माझ्यात काही अर्थ नाही' हा विचार मनात एकटा असतो तेव्हा तो न्यायाधीशाच्या निकालासारखा असतो. तोच विचार दुसऱ्यापुढे शब्दांत मांडला की त्याचे एक साधे वाक्य होते, आणि वाक्य तपासता येते. असे केव्हापासून वाटते? त्या दिवसांत काय घडले होते? कोणत्या वेळी थोडे हलके वाटते? समुपदेशक असेच प्रश्न विचारतो. तो उपदेश करत नाही, बाहेर बोलत नाही, आणि आपण लवकर हसावे म्हणून घाई करत नाही. घरच्या प्रेमळ माणसांनाही हे नेहमी जमत नाही, कारण आपले दुःख त्यांनाच सहन होत नसते.

हे केवळ तत्त्वज्ञान नव्हे. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांचा अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. ते तिथलेच सामान्य लोक होते, त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाचे ऐकून घेत. सोडून दिलेली लहानसहान कामे, म्हणजे फिरायला जाणे, कोणाला भेटणे, पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांनाच बोलण्याने बरे वाटले असे नाही. काहींना औषधेही लागतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपणा सर्वांसाठी आहे. बोलणाऱ्याला ऐकणारा लागतो. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखामागे त्याचे पाप शोधू लागले, आणि त्याच्या जखमेवर मीठ चोळले. याउलट एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला खडसावले नाही. आधी झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले. पुढे होरेब डोंगरावर त्याला विचारले की तू येथे काय करतोस, आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. एकदा नव्हे, दोनदा. सर्व काही जाणणाऱ्या देवाला विचारण्याची गरज नव्हती. सांगण्याची गरज एलियाला होती.

म्हणून समुपदेशकाकडे जाणे म्हणजे देवाकडे पाठ फिरवणे नव्हे. दात दुखला तर आपण दाताच्या डॉक्टरकडे जातो आणि प्रार्थनाही करतो. इथेही तसेच करावे. आपल्या घरात कोणी गप्प गप्प राहू लागले असेल, तर 'मनाला लावून घेऊ नकोस' असे म्हणून उठू नका. टीव्ही बंद करा, शेजारी बसा, विचारा आणि थांबा. जीव नकोसा झाला आहे असे कोणी बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्या. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

झाकलेल्या मुठीत पैसे असतील तर ती खुशाल झाकलेली राहू द्यावी. पण मुठीत निखारा असेल तर ती उघडायलाच हवी, आणि उघडणाऱ्याला हसणार नाही असा कोणीतरी समोर हवा. तो कोणीतरी आपण होऊ या.

आपला धर्मगुरू