बुरूज आणि उसनी कुऱ्हाड

वाचन: लूक १४:२५-३०, २ राजे ६:१-७

गेल्या महिन्यात मंडळीतील एक बंधू सायंकाळी आमच्याकडे आले. हातात एका खाजगी प्रशिक्षण संस्थेचे रंगीत माहितीपत्रक होते. मुलगा बारावी झाला आहे; जेसीबी, पोकलेन अशा अवजड यंत्रांच्या देखभालीचे एक वर्षाचे प्रमाणपत्र त्याला घ्यायचे आहे. फी व राहण्याजेवणाचा खर्च मिळून १,२०,००० रुपये. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून आमची सही हवी होती. "पाळकसाहेब, शिकून बाहेर पडला की महिना चाळीस हजार मिळतात म्हणे," असे ते मोठ्या आशेने म्हणाले. आम्ही सही केली नाही, नाहीही म्हटले नाही. रविवारी उपासनेनंतर मुलाला घेऊन या आणि एक कोरी वही आणा, एवढेच सांगितले.

लूकच्या चौदाव्या अध्यायातील दाखला प्रभूने शिष्यत्वाविषयी दिला, पैशाच्या व्यवहाराविषयी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी प्रभू हे गृहीत धरतो की, बुरूज बांधू पाहणारा शहाणा मनुष्य आधी बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. आपल्या घरांतून नेमके हे बसणेच राहून जाते. लग्न असो, शिक्षण असो, कागद उभ्या उभ्या सही होतात.

रविवारी आम्ही बसलो. खडीच्या क्रशरवर यंत्रे सांभाळणाऱ्या एका बंधूंनाही बोलावले होते. शेकडा १२ व्याजाने १,२०,००० रुपयांवर महिन्याला १,२०० रुपये व्याज. म्हणजे शिकण्याच्या वर्षातच १४,४०० झाले. ते त्या त्या महिन्याला भरले तरी पुढे पाच वर्षे दरमहा सुमारे २,६७० रुपयांचा हप्ता. सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या घरात. आणि हीच रक्कम सावकाराकडून महिना शेकडा तीनने उचलली, तर दरमहा ३,६०० रुपये नुसते व्याजच जाते, मुद्दल जिथल्या तिथे. मुलाने हा आकडा दोनदा करून पाहिला.

मग कमाई. क्रशरवरचे बंधू म्हणाले, "आमच्याकडे नवा मुलगा बारा-चौदा हजारांवर लागतो. पहिली दोन वर्षे ग्रीस मारायचे, फिल्टर बदलायचे, ऑइल काढायचे." यंत्राला तासांचे मीटर असते, अडीचशे, पाचशे, हजार तास भरले की त्या त्या वेळची सर्व्हिस ठरलेली. हायड्रॉलिक पंपातला बिघड कान लावून ओळखणाऱ्याला मात्र मालक सोडत नाही, कारण यंत्र उभे राहिले की नुकसान मालकाचे. परंतु तो कान प्रमाणपत्राबरोबर मिळत नाही. चौदा हजारांतून परगावची खोली आणि खाणावळ वजा केली, तेव्हा वहीत साडेसहा हजार उरले. त्यातून हप्ता. पावसाळ्यात काम मंदावते, ते निराळेच.

गोव्याच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. २०१२ साली तेथील खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ पट्टे रद्द झाले. कर्जाने घेतलेले ट्रक आणि यंत्रे दारात उभी राहिली. हप्ते थांबले नाहीत.

म्हणून काय, शिकूच नये? तसे आम्ही म्हणत नाही. पौल तंबू शिवी, आणि आमचे कितीतरी आजे-पणजे मिशनच्या औद्योगिक शाळांतून सुतारकाम, लोहारकाम शिकूनच उभे राहिले. सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा व्यवसाय दहावीनंतर अल्प फीमध्ये शिकता येतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली काम शिकत विद्यावेतन मिळते. कर्ज घ्यावेच लागले तर २०१५ च्या कौशल्य कर्ज योजनेत दीड लाखापर्यंत तारण लागत नसे, आणि २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांवर गेली. संस्थेच्या प्रमाणपत्राला मान्यता कोणाची, हे मात्र माहितीपत्रकात नव्हे, बाहेर विचारावे. त्या बंधूंनी घरातील शिलाईयंत्र विकण्याची गोष्ट काढली, तेव्हा आम्ही त्यांना अनुवाद २४:६ वाचून दाखवले. जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, अशी आज्ञा तेथे आहे. घर ज्यावर चालते ते धोक्यात घालायचे नाही.

आता आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका तरुणाच्या कागदावर न बसता, न विचारता सही केली. दयाळूपणा वाटला होता. खरे तर तो आळस होता. हप्ते थकले, पैसे आम्ही भरले. परंतु तो तरुण लाजेने मंडळीत येईनासा झाला, आणि आम्हीही मनात राग धरून त्याच्या दारी गेलो नाही.

यार्देनेच्या काठी लाकूड तोडताना संदेष्ट्यांच्या शिष्याची कुऱ्हाड पाण्यात पडली. तो ओरडला, कारण ती उसनी होती. अलीशाने त्याला सांभाळून का वापरली नाहीस असे विचारले नाही. कोठे पडली, एवढेच विचारले, आणि त्या जागी गेला.

वही पाहून मुलाने आयटीआयचा अर्ज भरला आहे. यादी लागायची आहे. जागा न मिळाली तर पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि तेव्हा हिशेब जुळला तर सही आम्ही करू. त्या दुसऱ्या तरुणाचे घर मात्र आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. येत्या शनिवारी आम्ही तेथे जाणार आहोत.