चूक त्याची, बोनस माझा

रायपुरात जीई रोडवर मोटारीने मोटरसायकलला मागून ठोकलं की दोन मिनिटांत गर्दीतून सल्ला येतोच, "छोड़ो भैया, आपस में निपटा लो." क्रॅशगार्ड आत वाकलेला, इंडिकेटर वायरीला लोंबतोय, आणि मोटारवाला पाकिटातून पाचशेची नोट काढतो. हे मला पूर्वी पळवाटेसारखं वाटायचं. आता वाटत नाही.

कागदावर सगळं चोख आहे. खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे ७.५ लाखांपर्यंतची सोय असते. पण ते मागायला त्याच्या कंपनीत गेलात, तर तिथे तुम्हाला कोण विचारतो? करार तिचा आणि मोटारवाल्याचा. आधी पोलिसांत नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदतही घातली. कंपनी दाद देत नाही म्हणून भोपाळच्या विमा लोकपालाकडे जावं, तर तिथे कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकाचीच तक्रार चालते. जीव गेला, हातपाय मोडला, तर न्यायाधिकरणाला पर्याय नाही. चार हजारांच्या हेडलाइटसाठी वकील कोण लावणार?

उरतो आपलाच विमा. अनेक दुचाक्यांना नुसता थर्ड पार्टी असतो, म्हणजे स्वतःच्या गाडीसाठी काहीच नाही. पूर्ण विमा असलाच, तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय २० टक्क्यांपासून वर्षागणिक ५० पर्यंत चढलेला नो क्लेम बोनस एका दाव्यात शून्यावर येतो. कंपनीच्या वहीत दावा कोणी केला एवढंच लिहिलं जातं. ब्रेक कोणी उशिरा दाबला, याला तिथे रकानाच नाही. गंमत म्हणजे "मेरा बोनस चला जाएगा" अशी गयावया रस्त्यावर करतो तो मोटारवाला! तुम्ही त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे घेतलेत, तर त्याचा बोनस शाबूत राहतो.

म्हणून रस्त्यावरची घासाघीस मला कमीपणाची वाटत नाही. ती फक्त फार लवकर उरकते, आणि पार्टच्या किमतीपाशीच थांबते. मोटरसायकल घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोराची असेल तर ती तीन दिवस गॅरेजमध्ये, आणि तो घरी. हा आकडा कोणी उच्चारत नाही. तो स्वतःही नाही, कारण समोरचा 'साहेब' असतो.

तेव्हा दोन्ही नंबरप्लेट येतील असा फोटो काढावा, पाचशेची नोट तिथल्या तिथे घेऊ नये, मिस्त्रीकडून कोटेशन लिहून घ्यावं. आणि त्याच कागदावर, इंडिकेटरच्या खालच्या ओळीत, बुडालेली मजुरीही लिहावी. मोटारवाला ती खोडेल. खोडू दे, पण त्याआधी त्याला ती वाचावी लागेल.